दसऱ्याला धुतलेली टाकी

भुईगावच्या सॅन्टनला गिरणीत सगळे अंकल म्हणत आणि त्याच्या कामाला सगळे घाण म्हणत. "अंकल कुठायत?" असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "घाणीवर." छप्पन्न वर्षांच्या माणसाचा पत्ता असा एका शब्दात सांगून व्हायचा आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. सॅन्टनलाही वाटत नसे, हे विशेष.

गिरणी वसई पूर्वेच्या कारखान्यांच्या पट्ट्यात. जुनी खोकी पाण्यात भिजवायची, त्यांचा लगदा करायचा आणि त्या लगद्यातून पुन्हा खोक्यांसाठीच तपकिरी कागद काढायचा, हा तिचा धंदा. आपल्या दारात कुणी मिठाईचं नाहीतर मोबाइलचं खोकं घेऊन येतो, तेव्हा त्या खोक्यापायी किती पाणी नासलं हे आपण विचारत नाही. विचारायला हवं. लगद्याखालून निघणारं पाणी काढ्यासारखं दिसतं. त्यात खळ, डिंक, शाई असं सगळं उतरलेलं असतं आणि एक दिवस साचू दिलं तर नासक्या अंड्यांचा वास सुटतो. हे पाणी नाल्यात सोडायच्या आधी साफ करणं, हे सॅन्टनचं काम. वीस वर्षं या कामासाठी दोन हौद होते. पहिल्यात गाळ बसायचा, दुसऱ्यात चुना आणि तुरटी पडायची आणि पाणी जसं आलं जवळजवळ तसंच नाल्यात जायचं. नाला पुढे खाडीला मिळतो, आणि तिथे खाडीच्या काठाला बेसिलची भातजमीन होती.

बेसिल म्हणजे सॅन्टनच्या बायकोचा, सेलिनचा, थोरला भाऊ. त्याआधी तो सॅन्टनचा शाळेतला सोबती. एका बाकावर बसून दोघांनी मास्तरांचा मार खाल्लेला. बहिणीचं लग्न याच्याशीच करायचं, हा हट्टही त्याचाच. पण लागोपाठ दोन वर्षं त्याच्या खाचरांत तपकिरी पाणी शिरलं, रोपं मुळाशी काळी पडली आणि नाल्याच्या तोंडाशी बोय मासे पोट वर करून तरंगले. तेव्हा त्यानं सॅन्टनशी बोलणं टाकलं. सासूच्या मयताला चर्चच्या आवारात सगळ्यांसमोर तो म्हणाला, "याला इचारा. याच्या हातचं पानी पितो आमी." सॅन्टन मान खाली घालून उभा राहिला. घरी आल्यावर सेलिननं जेवण वाढलं, पण नवऱ्याकडे पाहिलं नाही. पुढची चार वर्षं ना सणाला भाऊ आला, ना बहीण माहेरी गेली.

मग ती टाकी आली. प्रदूषण मंडळाची नोटीस आली होती, पाण्याची नीट व्यवस्था करा नाहीतर दाराला कुलूप. मोठं तळं खणायला गिरणीत जागा नव्हती. बॉयलर आणि कुंपणाची भिंत यांच्यामधल्या बोळात एक उभी टाकी बसेल एवढीच काय ती फट. ज्ञानदा नावाची इंजिनीयर मुलगी आली आणि तिनं त्या फटीत आठ फूट रुंद, पंधरा फूट उंच टाकी बसवली. आत प्लास्टिकच्या हजारो चकत्या, जाळीदार, खेळण्यातल्या गाडीच्या चाकांएवढ्या. खालून पंख्यानं हवा सोडायची, म्हणजे चकत्या पाण्यात सारख्या फिरत राहतात.

"काका, हे प्लास्टिक पाणी साफ करत नाही बरं का," ज्ञानदानं सांगितलं. "त्याच्यावर जंतू वस्ती करतात. ते घाण खातात. आपण त्यांना राहायला जागा द्यायची, हवा द्यायची आणि त्यांना मारायचं नाही. एवढंच काम."

बाकीच्यांच्या डोक्यावरून गेलं, सॅन्टनला मात्र लगेच उमगलं. तो वाडीत वाढलेला माणूस. बापाच्या केळीच्या बागेत त्यानं लहानपणीच शिकून घेतलं होतं की झाडाला पाणी घालावं लागतं, पण ते वाढतं मुळाशी जे दिसत नाही त्याच्यावर. त्यानं शेणकाला करून टाकीत ओतला. कागदाच्या पाण्यात जंतूंना नुसताच भात मिळतो, वरण नाही, असं ज्ञानदा म्हणाली होती, म्हणून तो रोज मोजून युरिया घालू लागला. तीन आठवड्यांनी चकत्यांवर तपकिरी, बुळबुळीत थर धरला. चकती बोटांत घेऊन चोळली की भेंडीच्या चिकासारखं लागायचं. बाहेर पडणारं पाणी फिकट झालं आणि वासही बदलला. शेवाळलेल्या विहिरीच्या काठाला येतो तसा थंड वास येऊ लागला. सॅन्टन त्या वासासाठी शिडी चढून वर जायचा.

गिरणीला सुट्टी असली की टाकीतले जीव उपाशी राहतील म्हणून रविवारी चर्चला मिस्सा आटोपून तो पूर्वेला गिरणीत जायचा आणि गुळाचं पाणी ओतून यायचा. सेलिन हसायची. म्हणायची, "पाजला का गूळ लेकरांना?" तिच्या हसण्यात चिडवणं कमी आणि बरं वाटणं जास्त होतं. नवऱ्याला आपल्या कामाबद्दल सांगावंसं वाटतं, हे तिनं लग्नाच्या सत्ताविसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं.

आणि दोन वर्षांनी बेसिल आला. हातात बोय माशांची टोपली घेऊन तो ओट्याच्या पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, "दोन वर्सं बघितलं. पानी बरं हाय." माफी मागण्याची रीत त्या घराण्यात नाही, मासे आणतात. सेलिन टोपली घेऊन आत गेली ती तोंड धुऊनच बाहेर आली. त्या दिवसापासून बेसिल खाडीकाठच्या गावात ज्याला त्याला सांगत सुटला की त्या गिरणीची काळजी करू नका, तिथे आपला सॅन्टन आहे. आयुष्यात सॅन्टनला मिळालेलं हे एकमेव सर्टिफिकेट. टाकीतला तो थर जिवंत आहे तोवर ते खरं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आता गिरणीतली रीत सांगायला हवी. खंडेनवमीला सगळी यंत्रं बंद करून धुवायची आणि दसऱ्याला त्यांची पूजा करायची. कागदाचं मोठं मशीन, कटर, पंप, फोर्कलिफ्ट, सगळ्यांना हार. वॉचमनच्या सायकललाही हार. फक्त घाणीला कधी कुणी फूल वाहिलं नव्हतं. सॅन्टन पूजेला मागे उभा राहायचा, पेढा घ्यायचा आणि आपल्या बोळात परत जायचा. आपण ख्रिस्ती, आपलं काम घाणीचं, तेव्हा यात आपल्याला कोण विचारणार, असं त्यानं मनाशी धरून ठेवलं होतं.

यंदा परेशनं विचारलं. परेश हा गिरणीचा फिटर, चाळिशीचा, हाताला गुण असलेला माणूस. खंडेनवमीला दुपारी तो बोळात आला. "अंकल, यावर्षी तुमच्या टाकीची पण पूजा करायची. आम्ही पोरांनी ठरवलंय. तुम्ही हो म्हणा."

तेवीस वर्षांत सॅन्टनच्या कामाकडे कुणी असं पाहिलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढे आली ती टाकीची गंजलेली शिडी, चिखलानं माखलेला ओटा, बाहेरचे डाग. "करा की," तो म्हणाला. "धुऊन अगदी चकाचक करा." आणि पाळी संपली म्हणून दोन वाजता घरी गेला. जाताना शीळ वाजवत गेला, असं वॉचमन नंतर सांगत होता.

दसऱ्याला सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. शिडीला चंदेरी रंग दिला होता. ओटा आरशासारखा. टाकीला झेंडूचा हार, कुंकवाचं बोट, खाली रांगोळी. परेश आणि पंधरा जण ओळीनं उभे, सगळ्यांच्या तोंडावर वाढदिवसाला काहीतरी लपवून ठेवलंय असं हसू.

"वर चढून बघा अंकल, आतून."

सॅन्टन वर चढला. आत चकत्या पांढऱ्याशुभ्र होत्या, नुकत्याच दुकानातून आणल्यासारख्या. त्यांनी टाकी रिकामी केली होती, चकत्या फावड्यानं गोण्यांत भरून बाहेर काढल्या होत्या आणि कागदाच्या मशीनचे पट्टे धुवायला जो कॉस्टिक सोडा वापरतात त्यात बुडवून, पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं एकेक धुतली होती. रात्री आठपर्यंत राबले होते. परेशच्या बोटांची सालं निघाली होती. "काय चिकटून बसलेली घाण, अंकल," तो खालून अभिमानानं ओरडला. "तीन वर्षांचं शेवाळ. एक कण ठेवला नाही."

रागावावं तर कुणावर? माणसं प्रेमानं राबली होती. चकाचक करा असं सॅन्टनही प्रेमानंच म्हणाला होता. सॅन्टन खाली उतरला, तेव्हा परेशनं त्याच्या हातात नारळ दिला आणि सगळे म्हणाले, अंकलच फोडणार. सॅन्टननं नारळ फोडला. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पेढे वाटले.

गिरणीचे मॅनेजर जयवंत साहेब. कोल्हापूरकडचे, विरारला फ्लॅट, बोलणं मऊ. सॅन्टननं त्यांना त्याच दिवशी सांगितलं की चकत्यांवरचं कल्चर, म्हणजे तो जंतूंचा थर, मेलंय, पुन्हा धरायला महिना लागेल, तोवर मशीन अर्धंच चालवा म्हणजे पाणी कमी येईल. साहेबांनी कपाळाला हात लावला.

"अंकल, दिवाळी वीस दिवसांवर आली. मिठाईची खोकी, कुरिअरची खोकी, वर्षाचा अर्धा माल याच दिवसांत जातो. मशीन अर्धं चालवा असं शेठना मी सांगू? तुम्ही सांगाल?"

सॅन्टननं शेठना दोनदाच पाहिलं होतं, तेही गाडीत. तो गप्प बसला. गप्प बसायची सवय माणसाला कुठे नेऊन सोडते हे एकदा मोजायला हवं.

मग त्यानं जे हातात होतं ते केलं. भुईगावच्या गोठ्यांतून शेण गोळा करून बादल्या भरभरून नेलं. दुसऱ्या एका कारखान्याच्या टाकीतला जिवंत गाळ डब्यातून मागून आणला. गूळ, युरिया, हवा. सुट्टी घेतली नाही. मशीन मात्र धो धो चालू होतं आणि काढा येतच होता. कोवळ्या रोपावर पुराचा लोंढा यावा तसं सगळं वाहून जायचं. नाल्यात जाणारं पाणी पुन्हा तपकिरी झालं. सॅन्टन रोज चकती काढून अंगठ्यानं चोळायचा. नुसतं प्लास्टिक लागायचं. पंधराव्या दिवशी सकाळी त्याला चकतीच्या आतल्या जाळीत किंचित बुळबुळीत लागलं. त्यानं पुन्हा चोळून पाहिलं. होतं. अगदी पातळ, पण होतं. शिडीवरच त्यानं क्रूसाची खूण केली. अजून दहा-बारा दिवस मिळाले तर हे जगणार होतं.

त्याच दुपारी जयवंत साहेबांनी बोलावलं. परवा तपासणीवाले पाण्याचा नमुना न्यायला येणार होते. साहेबांनी टाकीतल्या पाण्यात मिसळायला दोन टँकर बोअरचं पाणी मागवलं होतं आणि हायपोचे कॅन. हायपो म्हणजे रंग घालवायचं औषध, ब्लीचिंग पावडरचा थोरला भाऊ. टाकीत ओतलं की काढ्याचं पाणी लिंबूसरबत होतं, आणि टाकीत जे जिवंत असेल ते मरतं.

"साहेब, आजच धरलंय," सॅन्टन म्हणाला. "बारा दिवस द्या. पाया पडतो."

"नमुना नापास झाला तर गिरणीला टाळं लागेल. एकशे चाळीस माणसं आहेत. दिवाळी आहे." साहेब खोटं बोलत नव्हते, हाच तर वैताग. "तुम्हाला नको वाटत असेल तर परेशला सांगतो. पण त्याला व्हॉल्व्ह माहीत नाहीत. सगळे कॅन एकदम ओतेल तो."

इथे सॅन्टननं हिशेब केला, आणि असा हिशेब प्रत्येक भला माणूस आयुष्यात एकदा करतो. त्याला वाटलं, आपल्या हातानं ओतलं तर बेतानं ओतू. थोडं मरेल, थोडं वाचेल. मीच ओततो, असं त्यानं सांगितलं, आणि कॅन घेऊन वर चढला.

पहिला कॅन अर्धा ओतला. पाणी तपकिरीच राहिलं. साहेब खालून बघत होते. उरलेला ओतला. जरा फिकट झालं. दुसरा कॅन ओतला. डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, नाक झोंबलं. आता फक्त एक, असं मनाशी म्हणत तिसरा ओतला. असं करत करत त्यानं सगळे कॅन एकामागून एक ओतले. परेशनं एकदम ओतले असते ते यानं थांबून थांबून ओतले, एवढाच काय तो फरक. तिसऱ्या दिवशी टाकीवर पांढुरका तवंग तरंगत होता. सॅन्टननं चकती काढली, चोळली नाही.

नमुना नेणाऱ्या माणसाचा काही दोष नव्हता. नळातून जे आलं ते त्यानं बाटलीत भरलं. दिवाळीनंतर रिपोर्ट आला. गिरणी पास झाली, आणि तीही अशी की तीन वर्षांत कधी झाली नव्हती. जयवंत साहेबांनी कागद सॅन्टनच्या हातात दिला. "बघा अंकल. उगाच घाबरत होतात." शेठनीही तो रिपोर्ट पाहिला आणि त्यांना जे दिसायचं ते दिसलं. दोन दिवसांत वरून निरोप आला की टाकीचा पंखा रात्रंदिवस चालवून वीज कशाला जाळायची. नमुन्याच्या दिवशी टँकर आणि हायपो पुरे. पंख्याचं बटण बंद करायला सॅन्टनलाच सांगितलं. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात. इथे तर गूळ घालणाऱ्याकडूनच चूल विझवून घेतली.

पंखा थांबल्यावर बोळ एकदम शांत झाला. तीन वर्षं त्या घरघरीखाली काम केलेल्या सॅन्टनला आपला श्वास ऐकू आला. त्यानं ज्ञानदाला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, मला लेखी द्या. काय झालं, कुणी केलं, तारखेसकट. मी वरपर्यंत नेते." सॅन्टननं वहीचं पान काढलं. पहिल्या ओळीत लिहावं लागणार होतं की चकाचक करा असं मीच म्हणालो. दुसऱ्या ओळीत परेशचं नाव, म्हणजे त्याची नोकरी. तिसऱ्या ओळीत, हायपो मी ओतला. त्यानं तारीख लिहिली आणि पान तसंच वहीत ठेवलं. ज्ञानदाचे आणखी दोन फोन आले, नंतर यायचे थांबले.

सेलिनला त्यानं काही सांगितलं नव्हतं. पण कपडे तीच धुवायची, आणि शर्टाला ब्लीचिंगचा वास येतोय हे कळायला कुणाच्या रिपोर्टची गरज नव्हती. रविवारी मिस्सानंतर नवरा पूर्वेला न जाता सरळ घरी येऊ लागला, तेव्हा तिनं गुळाचा डबा वरच्या फळीवर ठेवून दिला आणि एक शब्दही विचारला नाही.

नाताळाच्या आधीच्या आठवड्यात, दुपारी, बेसिल आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला. नाला पुन्हा काळा झाला होता. खाचरांत वालाची पेरणी केली होती, ती पिवळी पडली होती, आणि खाडीच्या बांधावरच्या उघाडीजवळ, पाणी सोडायच्या दारापाशी, दोन दिवस बोय मरून पडत होते. गावकऱ्यांनी अर्ज केला होता. नाल्याच्या वरच्या अंगाला कपडे रंगवायचा एक कारखाना होता, त्याच्या विरुद्ध. बेसिलनं घडी उघडून कागद सॅन्टनच्या पुढ्यात ठेवला.

"लोक बोलत होते तुमच्या गिरनीचं नाव. मी उभा राह्यलो. म्हटलं, तिथं सॅन्टन हाय, त्याचं पानी मी तीन वर्सं बघतोय. हे काम रंगवाल्याचंच." त्यानं खिशातून पेन काढून पुढे केलं. "तू यातला जानकार. पैली सही तुझी पायजे. मंग कोन बोलनार नाय."

रंगवाला काही संन्यासी नव्हता, पण या खेपेला चोर तो नव्हता. सॅन्टन कागदाकडे बघत राहिला. बोलायला हीच वेळ होती, आणि ती वेळ आहे हेही त्याला कळत होतं. त्यानं तोंड उघडलं. बेसिल त्याच्याकडे बघत होता, शाळेत बाकावर बसल्या बसल्या बघायचा तसा, काही संशय न ठेवता. सेलिन दारात उभी होती. सॅन्टननं तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती आत निघून गेली.

त्यानं सही केली. पूर्ण नाव घातलं, खाली हुद्दाही लिहिला.

बेसिलनं कागदाची नीट घडी केली, तो खिशात ठेवला आणि आतल्या दिशेनं म्हणाला, "सेलिन, नाताळाला सगळी या. पोरांना सांगितलंय मी." आणि तो गेला.

सेलिन बाहेर आली. तिनं चपला घातल्या. "दादा लांब गेला नसंल," ती म्हणाली. "मी सांगून येते त्याला." ती अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेली. फाटकाच्या कडीवर हात ठेवून, भावाची पाठ वळणाआड जाईपर्यंत तिथे उभी राहिली. मग परत आली, चपला काढल्या आणि बेसिलचा रिकामा ग्लास उचलून आत घेऊन गेली.